आधी बोलायचं, मग शपथ

बारावीची परीक्षा संपली आणि मुंबईच्या मावसभावाने एस.टी.च्या कंडक्टरच्या हाती पुस्तकांचं एक गाठोडं पाठवलं. सुतळीने चारी बाजूंनी आवळलेलं, एवढं जड की ते स्टँडवरून घरी आणताना बाबांनी दोनदा खांदा बदलला. संध्याकाळी शेजारच्यांच्या फोनवर मावसभावाचा फोन आला. "लॉला जायचंय ना? मग हा उन्हाळा झोपून काढू नकोस. पुण्याची पोरं वाचून येतात. तू कोरी पाटी घेऊन गेलीस तर पहिल्याच महिन्यात तोंडावर आपटशील."

मी "हो हो" म्हटलं आणि फोन ठेवला. मावसभाऊ स्वतः लॉच्या दुसऱ्या वर्षाला नापास होऊन बँकेत लागलेला होता, हे मला ठाऊक होतं. पण बोलायची चोरी. पुस्तकं फुकट आली होती.

आम्ही महाडला राहायचो. बाबा एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत शिफ्टला जायचे. आमचं मूळ घर पोलादपूरच्या वर, डोंगरमाथ्यावरच्या वाडीत. पंधरा-वीस घरं, म्हशी, नाचणी-वरीची शेतं, आणि देवीचं एक कौलारू देऊळ. बाबा तिथून खाली उतरले ते कायमचे, आणि त्यांची थोरली बहीण, माझी आत्या, तिथेच राहिली. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. म्हशी हाच तिचा संसार. आमच्या अख्ख्या भावकीत वकील तर सोडाच, कोर्टात चहा नेणाराही कुणी झाला नव्हता. त्यामुळे मी पाच वर्षांच्या कोर्सला पुण्याला जाणार म्हटल्यावर घरात एकीकडे कौतुक आणि दुसरीकडे धास्ती, असं दोन्ही एकदमच शिजत होतं.

बाबा मावसभावाच्या बाजूचे होते. "पेरणीच्या आधी नांगरट लागते की नाही?" ते म्हणायचे. "मग? वाच." आई म्हणायची, "अहो, पोरीचे डोळे आत्ताच परीक्षेनं खोल गेलेत. जरा माणसात येऊ द्या तिला." मला स्वतःला काय वाटत होतं विचाराल, तर मला नुसती भीती वाटत होती. मराठी माध्यमाची मी. पुण्याच्या वर्गात सगळे फाडफाड इंग्रजी बोलत असतील आणि मी मागच्या बाकावर मान खाली घालून बसले असेन, हे चित्र रोज डोळ्यांसमोर यायचं. म्हणून सुतळी सोडली आणि त्यातल्या त्यात बारीक दिसणारं पुस्तक उचललं. ते पुराव्याच्या कायद्यावरचं निघालं.

एका पानाला एक सकाळ लागायची. मांडीवर पुस्तक, बाजूला डिक्शनरी, आणि महाडचं एप्रिलचं ऊन, ज्यात पंखासुद्धा गरम हवाच फिरवतो. एक वाक्य अर्धं पान चालायचं. वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरायला व्हायची. डिक्शनरीतला अर्थ बघावा तर त्या अर्थाचा अर्थ बघायला परत डिक्शनरी. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते काय असतं, ते मला त्या उन्हाळ्यात कळलं.

अशातच आत्या खाली आली. तिची तारीख होती.

आत्याची केस आमच्या घरात इतकी वर्षं चालू होती की ती मला नातेवाइकांपैकीच एक वाटायची. गोष्ट साधी होती. वाडीतलं पाण्याचं टाकं फाल्गुन सरता सरता आटतं. मग म्हशी पाण्यावर न्यायच्या त्या खालच्या ओढ्यातल्या डोहावर. तिथे जायची वाट खालच्या गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याच्या जमिनीतून. पिढ्यान् पिढ्या गुरं त्याच वाटेने गेली. मग त्या शेतकऱ्याने तिथे आंब्याची कलमं लावली, म्हशींनी त्यातली काही तुडवली, आणि त्याने वाटेवर आडवा गडगा घातला. चांगला छातीएवढा, दगडावर दगड रचून. दुसरी वाट कड्याला वळसा घालून जाते. माणूस जाईल, गाभण म्हैस कशी जाणार? वाडीतल्या बाकीच्यांनी एकेक करून म्हशी विकल्या. आत्याने विकल्या नाहीत, दावा लावला. ते शेतकरी कायम पांढरी टोपी घालायचे, म्हणून आम्ही घरात त्यांना 'टोपीवाले' म्हणायचो.

"या उन्हाळ्यात वाट सुटली नाय तर मीपन इकनार," आत्या त्या रात्री जेवताना म्हणाली. "बेपारी येऊन बघून गेलाय. डोक्यावर पानी न्हेऊन न्हेऊन मान मोडली माजी. म्हशीला हंडाभर पान्यानं काय व्हतंय?" ती हे भाकरी मोडत, कोरड्या आवाजात बोलली.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर वकिलांकडे गेले. म्हातारे होते, कोटाच्या बाह्या झिजलेल्या, आणि तोंड भारी तिखट. मी लॉला जाणार कळल्यावर त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"काय वाचतेस?"

मी पुस्तकाचं नाव सांगितलं. मनात जरा अपेक्षा होती की ते कौतुक करतील.

"बंद कर," ते म्हणाले. "पोहायला शिकायच्या आधी पाण्यावरचं पुस्तक वाचतेस होय? उद्यापासून कोर्टात येऊन मागच्या बाकावर बस. काही लिहायचं नाही, काही विचारायचं नाही. नुसतं बघायचं. मे महिन्यात कोर्टाला सुट्टी लागते, तोवर बघ."

बाबांना हे सांगितलं तर ते भडकलेच. "त्यांचं काय जातंय! शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, आणि हे पोरीला तिथे उन्हाळी वर्गाला बसवतायत!" पण त्या आठवड्यात बाबांची शिफ्ट होती आणि आत्याबरोबर जायला कुणीतरी हवंच होतं. तेव्हा मीच गेले. पुस्तक पिशवीत घालून गेले, म्हणजे दोघांचंही मन राखलं जाईल.

कोर्ट मी आधी बाहेरून पाहिलं होतं. आत पाऊल टाकलं आणि मला काय झालं ते अजून नीट सांगता येत नाही. खोली तशी साधीच होती. उंच छत, करकरणारा पंखा, घामाचा आणि जुन्या कागदांचा वास, बाकावर चुळबुळणारी माणसं. पण समोर एक माणूस उंचावर बसलेला होता आणि खालची सगळी माणसं आपापली भांडणं घेऊन त्याच्यापुढे उभी राहत होती. बाहेर एकमेकांची डोकी फोडली असती अशी माणसं इथे आपली पाळी येईपर्यंत हात बांधून बसली होती. हे कुणी ठरवलं? आणि ठरवलं तरी सगळे ऐकतात कसे? अबब, मी मनात म्हटलं. एवढी मोठी गोष्ट रोज सकाळी अकराला इथे घडते आणि आपण बाहेरच्या टपरीवर वडापाव खाऊन घरी जातो!

आत्याचं नाव पुकारलं. ती पहाटे अंघोळ करून, नवं लुगडं नेसून, अनवाणी आली होती. सकाळपासून तिने चहासुद्धा घेतला नव्हता. आईने आग्रह केला तर म्हणाली, "आज शपथ हाय." आम्हाला वाटलं, घाबरलीय.

ती पिंजऱ्यात उभी राहिली. कारकुनाने खालच्या मानेनेच शपथ सांगितली, रोज सांगून गुळगुळीत झालेली. ईश्वरासमक्ष खरं सांगेन, खोटं सांगणार नाही. आत्याने डोळे मिटले आणि एकेक शब्द सावकाश म्हटला. इतका सावकाश की कारकुनाने शेवटी मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

वकिलांनी पहिला प्रश्न विचारला. आत्या गप्प.

त्यांनी पुन्हा विचारला. आत्या समोर बघत होती, हात जोडलेले, ओठ घट्ट. मिठाची गुळणी धरल्यासारखी. वकिलांनी प्रश्न सोपा केला. मग आणखी सोपा केला. "तुमच्या म्हशी पाण्याला कुठून जायच्या, एवढंच सांगा." काही नाही. वकिलांच्या कपाळावर घाम आला. समोरचे वकील उठले आणि गालातल्या गालात हसत म्हणाले, "साहेब, वादी बाईंना स्वतःच्याच दाव्याबद्दल काही सांगायचं नाही असं दिसतं. साक्ष बंद करावी."

साक्ष बंद म्हणजे वाट बंद. म्हणजे व्यापारी येणार आणि आत्याच्या म्हशी टेम्पोत चढणार. इतकी वर्षं तारखांना खाली उतरली, वाटेत दरड पडून रस्ता तुंबलेला असताना चिखलातून चालत आली, ती शेवटी इथे येऊन तोंड मिटून उभी राहायला? मला तिचा राग आला. खरंच आला. बोल की गं, मी मनात ओरडत होते.

न्यायाधीश मात्र ओरडले नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "बाईंबरोबर कुणी आलंय का?"

मी उभी राहिले. आणि उभं राहता राहता, कसं कोण जाणे, मला वाडीतलं देऊळ आठवलं.

मी लहान असताना वाडीत एका माणसावर दुसऱ्याचं रेडकू लपवल्याचा आळ आला होता. गावकी देवीच्या सहाणेवर बसली होती. सहाण म्हणजे देवळापुढचा तो दगडी चौथरा, पालखी टेकवतात तो. तो माणूस तिथे सकाळभर बोलत होता. सगळं सांगितलं, लोकांनी विचारलं ते सांगितलं, न विचारलेलंही सांगितलं. सगळ्यांचं विचारून झालं, तेव्हा तो उपाशीपोटी, ओलेत्याने देवीच्या उंबऱ्याशी गेला आणि शपथ घेतली. त्यानंतर तो त्या विषयावर चकार शब्द बोलला नाही. दुसरं कुणीही बोललं नाही. आमच्याकडे अशीच रीत. आधी बोलायचं, मग शपथ. शपथ म्हणजे कुलूप. ते लागलं की त्या गोष्टीवर तोंड उघडणं म्हणजे देवीला खोटं पाडणं. आणि गुरवाने नारळ फोडून शपथ सोडवेपर्यंत कुणाशी बोलायचं नाही, पोटात अन्नही घालायचं नाही.

आत्याच्या तोंडाला कुलूप लागलं होतं. कोर्टानेच ते लावलं होतं.

हे सगळं मी सांगितलं. कसं सांगितलं देव जाणे, वाक्यं एकात एक अडकत होती. समोरचे वकील म्हणाले, "साहेब, ही पढवून आणलेली गोष्ट आहे." न्यायाधीशांनी त्यांच्याकडे न पाहता हात वर केला आणि आत्याला विचारलं, "मुलगी म्हणते ते बरोबर आहे? बोलू नका. नुसती मान हलवा."

आत्याने मान हलवली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिलाही कळलं होतं की काहीतरी चुकलंय, पण ते सांगायला तोंड उघडता येत नव्हतं.

"सोडवायला किती वेळ लागतो?" साहेबांनी मला विचारलं.

"गुरवाकडे जावं लागेल. वर, वाडीत."

"मग आजच जा," ते म्हणाले. "बाई उपाशी आहेत." आणि त्यांनी सुट्टी लागायच्या आतली तारीख दिली. संपूर्ण खोलीत कुणी हसलं नाही. मी खाली बसले. एका उंचावर बसलेल्या माणसाने आमच्या देवीच्या कुलपाला मान दिला होता. कायद्याच्या कुठल्या पानावर हे असेल? पिशवीतलं पुस्तक मांडीला टोचत होतं.

दुपारच्या गाडीने आम्ही पोलादपूरला उतरलो आणि डोंगर चढायला लागलो. आत्याने पाण्याचा घोट घेतला, बाकी काही नाही. मी तिच्यामागून धापा टाकत होते. मधेच गडगा लागला. इतकी वर्षं नुसता ऐकला होता, तो त्या दिवशी नीट पाहिला. त्याच्या पलीकडे वाट स्पष्ट दिसत होती, खुरांनी झिजून खोल गेलेली, मधे गवत उगवलेलं. आत्या तिथे थांबली नाही. वळसा घालून कड्याच्या बाजूने चढली.

वर टाक्यात तळाला हिरवट चिखल होता. म्हशी सावलीत बसलेल्या, फासळ्या मोजून घ्याव्यात अशा. आम्हाला बघून एक म्हैस उठली आणि आत्याच्या रिकाम्या हाताला नाक लावून बघायला लागली. आत्याने तिला थोपटलं, पण बोलली नाही. मग देवळात गुरवाने गाऱ्हाणं घातलं, नारळ फोडला, आणि आत्या माझ्याकडे वळून शपथेनंतरचं पहिलं वाक्य बोलली.

"तितं आधी का घेतात गो शपथ? अजून मी काय बोललेच नाय, तर शपथ कसली घेऊ?"

रात्री चिमणीच्या उजेडात पुराव्याच्या कायद्याचं पुस्तक चाळून पाहिलं. साक्षीदाराला काय विचारावं, काय विचारू नये, सगळं होतं. आत्याचा प्रश्न मात्र कुठेच नव्हता. तुम्हाला खरं सांगते, पुस्तकाची भीती मला त्या रात्री पहिल्यांदा कमी झाली. ते लिहिणाऱ्यांपुढे आत्या कधी उभी राहिली नव्हती, एवढंच. बाहेर आत्या म्हशींशी मोठ्याने बोलत होती, दिवसभराचं राहिलेलं.

पुढच्या तारखेला बाबाही रजा टाकून आले. कोर्ट भरलेलं होतं. बातमी पसरली होती ना! टोपीवाले पुढच्या बाकावर बसले होते, टोपी मांडीवर ठेवून. कारकुनाने शपथ सांगितली. या वेळी त्याने मान वर ठेवली होती. आत्याने ती म्हटली, आणि न्यायाधीशांना म्हणाली, "ही तुमची झाली, साहेब. माजी मी मागनं घेईन." साहेब म्हणाले, "बरं."

मग आत्या बोलली. अशी बोलली की वकिलांना प्रश्न विचारावेच लागले नाहीत. कुठल्या आंब्याखाली म्हशी थांबतात, कुठल्या खडकावरून रेडकं घसरतात, तिच्या सासूने कुठे दगड बसवून पायरी केली. "शिमग्याला देवीची पालखी त्याच वाटेनं खाली येते," ती म्हणाली. "गडगा घातल्यापासनं पालखीपन वळसा घेते. म्हशीचं एक सोडा, देवीनंपन कड्यावरनं जायचं का?" समोरच्या वकिलांनी तिला पुष्कळ घुमवलं. कलमं तुडवली ना? "तुडवली," ती म्हणाली. "दोन का तीन. मी भरून देते म्हनलं, त्यांनी आयकलं नाय." हे ती कबूल करेल असं त्यांना वाटलंच नव्हतं. त्यांचे प्रश्न संपले.

आत्याने खोलीभर नजर फिरवली. "अजून कुनाला काय इचारायचं हाय का?"

समोरच्या वकिलांनी कागद मिटले.

"मंग आता मी माजी घेते. पोलादपूर कुनीकडं आलं?"

समोरचे वकील हरकत घ्यायला अर्धे उठले. साहेब म्हणाले, "साक्ष संपली आहे. बाई आता कोर्टाशी बोलत नाहीत." आणि त्यांनी स्वतः हात करून दक्षिणेची भिंत दाखवली.

आत्या त्या भिंतीकडे वळली. पदर डोक्यावरून घेतला. रिकामे हात पुढे केले. "आई," ती म्हणाली, "मी हितं बोलले त्यात खोटं असंल, तर माज्या म्हशीच्या आचळात दूध उतरू नये." बस, एवढंच. आणि ओठ मिटले.

मी पुढे पुष्कळ कोर्टं पाहिली. मोठमोठे वकील ऐकले. पण तसली शांतता पुन्हा ऐकली नाही. पंखा करकरत होता आणि तोही कुणीतरी बंद करावा असं वाटत होतं. म्हशीवाल्या बाईने दुधावर शपथ घेतली म्हणजे तिने काय पणाला लावलं, ते कोर्टातल्या निम्म्या माणसांना कळत होतं, कारण निम्मी माणसं तिकडचीच होती. कारकून उभा राहिला होता. का ते त्यालाही सांगता आलं नसतं.

आता टोपीवाल्यांची पाळी होती. त्यांच्या वकिलांनी त्यांना खूण केली. ते उठले, पिंजऱ्यापर्यंत गेले आणि कठड्यावर हात ठेवून थांबले. वर चढले नाहीत.

"साहेब," ते म्हणाले, "ती आमचीपण देवी आहे. पालखी माझ्या अंगणात बसते. तिच्या शपथेवर मी शपथ घालणार नाही." मग आपल्या वकिलांकडे वळून हळूच म्हणाले, "गडगा काढतो म्हणून लिहून द्या."

वकील कानाशी कुजबुजत राहिले, पण टोपीवाले हलले नाहीत. त्याच दिवशी दोन्ही बाजूंच्या सह्यांनी तडजोडीचा कागद कोर्टात गेला. आत्याने कलमांभोवती काट्यांची वई घालायची, त्यांनी वाट मोकळी करायची. पुढे लोक काहीबाही बोलले. ते हरणारच होते म्हणून मिटवलं, असं मावसभाऊ फोनवर म्हणाला. म्हणू दे बापडा. त्याने त्यांचा कठड्यावरचा हात पाहिला नव्हता.

मे महिन्यात मी वाडीतच राहिले. गडगा काढताना टोपीवाले स्वतः आले होते, गडी माणसांबरोबर दगड उचलत होते. आत्याने कळशीतलं पाणी त्यांना दिलं. ते प्यायले आणि म्हणाले, "जा, न्या आता." म्हशींना हाकावं लागलं नाही. ती थोरली म्हैस पुढे झाली, गडग्याच्या जागी थांबून जमीन हुंगली आणि वाटेला लागली. मागून सगळ्या. डोहात शिरल्या तेव्हा पाण्यावर नुसत्या नाकपुड्या दिसत होत्या. आत्या काठावर बसून रडत होती आणि हसत होती, आणि मीही.

जूनमध्ये पुण्याला गेले. गाठोडं परत सुतळीने बांधून बरोबर नेलं. वाचून आलेली मुलं वर्गात होतीच, मावसभाऊ खोटं बोलला नव्हता. त्यांना व्याख्या पाठ होत्या, मला नव्हत्या, आणि पहिलं वर्ष मला जड गेलं हेही खरं. दुसऱ्या वर्षी सुतळी सोडून तीच पुस्तकं वाचली आणि त्यांचा फार उपयोग झाला. आता कुणाची मुलं लॉला जायला निघाली की आईबाप विचारायला येतात, सुट्टीत काय वाचून घेऊ? मी म्हणते, वाचू दे हो, वाचून कुणाचं वाईट होत नाही. पण एकदा कोर्टात नेऊन बसवा. ते मान डोलावतात आणि पुस्तकांची नावं लिहून घेतात.

आत्या मात्र प्रत्येक सुट्टीत एकच विचारायची. "कळलं का गो, आधी का घेतात?" मी पास होत गेले आणि ती विचारत गेली. मला दर वेळी "नाही गं" म्हणावं लागायचं.

शेवटी सनद मिळाली. मुंबईला एका सभागृहात आम्हा नव्या वकिलांना उभं करून शपथ दिली. सगळ्यांबरोबर मीही म्हटली. ती म्हणून झाली आणि बाकीची मुलं टाळ्या वाजवायला लागली, फोटो काढायला लागली. माझे ओठ उघडेनात. मागचा मुलगा म्हणाला, "मॅडम, झालं, चला पुढे." मी तशीच उभी होते. मला उत्तर सापडलं होतं.

त्या रात्रीची गाडी पकडून पहाटे पोलादपूरला उतरले, वाट धरली, गडग्याच्या जागेवरून सरळ वर गेले. आत्या दूध काढत होती. तिने चरवीवरून मान वर केली.

"आत्या, कळलं," मी म्हटलं. "तू जे बोलून झालं त्याची शपथ घेतेस. तिथे माणूस जे अजून बोलायचं आहे त्याची घेतो. मी काल घेतली. आता जन्मभर जे बोलेन, त्या सगळ्याची."

आत्याचे हात थांबले. तिने माझ्याकडे नीट, काळजीने पाहिलं.

"आगो बाय माजे," ती म्हणाली, "मंग ती सुटायची कधी? आनि तू जेवनार कधी?"